धापूबाईंचं दिवसाचं पाणी

जुन्या जालन्यात धापूबाईंच्या घरी कोणीही जावं, अगदी मीटरचं रीडिंग घेणारा का असेना, त्याला आधी पाणी मिळायचं आणि मग कामाचं विचारलं जायचं. धापूबाई आतल्या खोलीतूनच हाक द्यायच्या, "पाणी दिलं का?" चाळीस वर्षांत ही हाक उषाबाईंनी कधी चुकलेली पाहिली नव्हती. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या सकाळी त्या भाचीच्या लग्नातल्या आहेराच्या पिशव्या सांभाळत जिना चढून वर आल्या, खुर्चीत टेकल्या, पदराने घाम पुसला, तरी आतून काहीच आलं नाही, तेव्हा त्या तशाच उठून उभ्या राहिल्या.

उषाबाई पिंपळगाव रेणुकाईच्या. तीस वर्षं गावच्या अंगणवाडीत सेविका होत्या, आता रिटायर झाल्या होत्या. जालन्याला खरेदीला यायचं आणि धापूबाईंकडे जेवून दुपारच्या एसटीने परत जायचं, हा त्यांचा नेम. खरं तर खरेदी हे निमित्तच. गावाजवळच्या भोकरदनला काय कापड मिळत नाही?

रुचि बाहेर आली. ही धापूबाईंची सून. एरवी सकाळी आठलाच नीटनेटकी तयार असणारी बाई. आज केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"मावशी, बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "परवापासून मम्मीजींना जुलाब आणि उलट्या चालू आहेत. गोळ्या चालू आहेत, पाण्यातल्या पुड्या चालू आहेत, पण काही फरकच नाही."

"लघवी?" उषाबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. अंगणवाडीच्या बाईला लाज परवडत नाही.

"काल संध्याकाळपासून नाही. डॉक्टर म्हणतात, आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. पण ह्या ऐकतात कुठे!"

धापूबाई का ऐकत नव्हत्या, ते उषाबाईंना सांगायची गरज नव्हती. त्यांचा चौविहार होता. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. हा नेम त्यांनी अठ्ठाविसाव्या वर्षी घेतला, त्याला आता एक्कावन्न वर्षं झाली. त्यात दोन बाळंतपणं झाली, त्यांचे पती दीपचंद शेठ गेले तो दिवस झाला, पण नेम काही मोडला नाही. दवाखान्यात सलाइनची बाटली रात्रभर चालणार. रुचीने जैन स्थानकात जाऊन महाराजसाहेबांना विचारलं, तर त्यांनी आजारपणात सूट असते म्हणून निरोपही दिला. त्यावर धापूबाई म्हणाल्या, "सूट देणं त्यांच्याकडे. घ्यायची का नाही, ते मी बघीन. नळीतून गेलं काय अन् तोंडातून गेलं काय, पाणी ते पाणीच."

शेवटी रजतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, हात जोडून तोड काढली होती. आज संध्याकाळपर्यंत वाट बघायची. लघवी झाली तर घरी, नाही झाली तर दवाखाना, मग नेम मोडला तरी चालेल. रुचीने बॅग भरून दाराशी ठेवलीसुद्धा होती.

उषाबाई आत गेल्या. धापूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हातावरचं कातडं चिमटीत धरून सोडलं, तर ते तसंच उभं राहिलं. जीभ कोरडी ठाक. एवढी खमकी बाई, दोन दिवसांत अर्धी झाली होती.

"भाभी, मी आले."

"उषा? तू कधी आल्तीस?" आवाज घशातच अडकत होता. "बस. जेवून जा."

उषाबाई बसल्या आणि त्यांना एकदम पाठीमागची खोली आठवली. आता तिथे स्कूटर लावतात. घर पाडून तीन मजली झालं, फरशी आली, सगळं छान झालं, पण ती दहा बाय बाराची खोली गेली याचं उषाबाईंना अजून वाईट वाटायचं. नवरा काकासाहेब बियाण्यांच्या गोदामात कामाला लागले तेव्हा हे दोघं तिथे भाड्याने राहिले. पदरात दहा महिन्यांचा हरिओम. अंगणात आड होता. धापूबाई रोज सकाळी त्याचं पाणी जाड फडक्यातून गाळायच्या आणि फडक्यावर राहिलेले न दिसणारे जीव पुन्हा आडात सोडायच्या. तेव्हाच्या पोरसवदा उषाबाईंना ते बघून हसू यायचं. "भाभी, त्याह्यला परत सोडून काय उपयोग? उद्या तुम्ही पुन्हा वढून काढसान!" धापूबाई गंभीरपणे म्हणायच्या, "उद्याचं उद्या. आज तर घरी गेले ना?"

आणि त्याच उन्हाळ्यात हरिओमला ढाळ लागले. गावाकडून सासूबाई आल्या, द्वारकाबाई. त्यांचं शास्त्र पक्कं होतं: जुलाबात पाणी द्यायचं नाही, दिलं की आतडी सैल पडतात. उषाबाईंनी निमूटपणे पाण्याचा तांब्या वरच्या फळीवर ठेवला. पोरगं आधी किंचाळलं, मग कण्हलं, मग गप्प झालं. धापूबाई धावत आल्या त्या रडणं ऐकून नाही. रडणं थांबलं म्हणून आल्या.

त्यांनी फळीवरचा तांब्या काढला. उकळून गार केलेलं पाणी त्यांच्या घरात असायचंच. त्यात मीठ-साखर घातली आणि पोराला मांडीवर घेऊन चमच्याने पाजायला बसल्या. द्वारकाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. धापूबाई एवढंच म्हणाल्या, "सासूबाई, लेकरू वाळून राह्यलंय अन् तुम्ही त्याचं पाणी तोडून राह्यल्या. हा कोणता हिशेब?" मग सूर्य मावळला. धापूबाईंचा नेम सुरू झाला. एप्रिलचा तो उकाडा, त्यांचे स्वतःचे ओठ फुटलेले, आणि त्या पोराच्या तोंडात चमचा चमचा पाणी सोडत होत्या. हरिओम रडला आणि त्याच्या डोळ्यांतून खरोखरचं पाणी आलं, तेव्हा कुठे त्या उठल्या. उषाबाई पुढे अंगणवाडीत गेल्या, शेकडो बायांना त्यांनी सांगितलं, एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सरकारी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट त्यांच्याकडे होतं, पण त्यांचं खरं ट्रेनिंग त्या संध्याकाळी झालं होतं.

एवढ्यात रुचि स्टीलचा ग्लास घेऊन आली. पाण्याने भरलेला. तिने पुडी दाताने फाडली आणि सगळी त्यात रिकामी केली.

"थांब, थांब," उषाबाई म्हणाल्या. "एका गिलासात पुरी पुडी?"

"हो. कालपासून चार झाल्या. ही पाचवी."

"तिच्यावर लिटर लिहेल न्हाई का?"

"लिहिलंय ना, मावशी. पण मम्मीजींचं तुम्हाला माहीत आहे. तोंड लावलेलं पाणी दोन घटकांच्या, म्हणजे पाऊण तासाच्या वर ठेवायचं नाही, त्यात जीव होतात. टाकायचंही नाही. लिटरभर एकदम त्या पिणार कशा? म्हणून एका ग्लासात करते. औषध तर पूर्ण पोटात जातं ना?"

उषाबाईंनी बोटाने थेंब जिभेवर घेतला. लोणच्याच्या तळाचा खार परवडला! त्यांचा संताप मस्तकात गेला. अंगातलं पाणी भरून काढायला दिलेली पुडी अशी दाट पाजली तर ती उलट अंगातलंच पाणी ओढून घेते, हे त्यांनी तीस वर्षं घसा कोरडा करून सांगितलं होतं. पण रुचीच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा राग उतरला. बिचारी दोन दिवस झोपली नव्हती. ही चूक आळशाची नव्हती. असली चूक करायला जिवाजंतूंना इतकं जपणारं घर लागतं.

त्यांनी हळूच समजावलं. रुचि मटकन खाली बसली. "म्हणजे मीच मम्मीजींना…"

"रडू नको. रडाया टाइम न्हाई. आधी डॉक्टरला जल्दी फोन लाव अन् हे सगळं बराबर सांग."

डॉक्टर गल्लीच्या तोंडाशीच बसायचे, ते स्वतः आले. त्यांनी ग्लास पाहिला, कपाळाला हात लावला, बीपी तपासलं. एका लिटरला एकच पुडी, मधून मधून साधं पाणी, सगळं थोडं थोडं. "सूर्यास्तापर्यंतच थांबतो, आजी," ते म्हणाले. "त्यानंतर मी कोणाचं ऐकणार नाही."

मग उषाबाईंनी पदर खोचला. स्वच्छ जगमध्ये लिटरभर पाणी केलं. जगला कोणी तोंड लावायचं नाही, त्यातून छोट्या वाटीत घ्यायचं, वाटी संपवायची. उष्टं उरण्याचा प्रश्नच नाही. इतकी सोपी गोष्ट, पण घाबरलेल्या माणसाला ती सुचत नाही. धापूबाईंनी दर वाटीनंतर वाटी विसळून तेही पाणी पिऊन टाकलं. हा त्यांचा जुना नेम. "प्या, प्या," उषाबाई मनात म्हणाल्या, "तुमच्या धर्माने आज तेवढंच जास्तीचं पाणी पोटात चाललंय."

उलटी थांबली. अकरा वाजले, बारा वाजले. पिंपळगावची एसटी निघून गेली आणि उषाबाईंनी घरी फोन करून सांगितलं की मी येत नाही, आमटी फ्रीजमध्ये आहे. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एकच्या सुमाराला धापूबाईंनी ओठ मिटले.

"भाभी, उघडा."

मानेनेच नकार.

"मळमळून राह्यलं का?"

नाही.

"मंग काय झालं? आता तर दिवस डोक्यावर आहे. तुमचा चौविहार काय भर दुपारी लागतो?"

रुचीने विनवलं, नात आयुषी कॉलेजातून आली तिने लाडीगोडी लावली. बिलकुल नाही. चमच्यातलं पाणी ओठांवरून ओघळून उशीवर सांडलं. दोन वाजले. उषाबाई आता मनातून घाबरल्या. ही बाई हट्टाने जाणार, असं त्यांना वाटू लागलं, आणि धापूबाईंशिवायचं जालना त्यांना कल्पनेतसुद्धा सोसेना. या गावात त्यांचं दुसरं होतं कोण?

रुचि चादर बदलून बाहेर गेली, तेव्हा उषाबाईंना दिसलं. धापूबाईंची नजर सुनेच्या हातातल्या मळक्या चादरीच्या बोळ्यामागे दारापर्यंत गेली आणि परत भिंतीकडे वळली.

उषाबाईंनी दार लोटलं. पलंगावर अगदी जवळ बसल्या. "हे कारण आहे व्हय?" त्या म्हणाल्या.

धापूबाई भिंतीकडे बघतच बोलल्या. "अकरा झाल्या. मी मोजून राह्यले. अकरा वेळा त्या पोरीने मला धुतलं, उषा. पाणी पिलं की पुन्हा उठवा, पुन्हा धुवा. न पिलेलं बरं."

"अन् माझ्या हरिओमची लंगुटं कोणी धुतल्ती? दोन दिवस तुम्हीच धुतल्ती न्हाई का?"

"ते लेकरू होतं. मी लेकरू आहे का?" धापूबाई चिडून म्हणाल्या. त्या चिडण्यात जोर होता, पण डोळे भरल्यासारखे होऊनही ओले होत नव्हते.

अंगणवाडीतली सगळी भाषणं इथे कुचकामी होती. मग त्यांच्या तोंडून जे निघालं, ते त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, काकासाहेबांनासुद्धा नाही.

"भाभी, मी संभाजीनगरला हरिओमकडे जाते ना, तव्हा मी बी चौविहार करते."

धापूबाईंनी मान वळवली.

"खरं सांगते. त्यांच्या फ्लॅटात संडास त्यांच्या बेडरूममधून आहे. मला म्हातारीला रात्री दोनदा उठावं लागतं. सून काही बोलत न्हाई, लय गुणाची आहे. पण मलाच कसंतरी वाटतं. म्हणून सहा वाजले की मी पाण्याला हात लावत न्हाई. सून इचारते, आई, पाणी? मी म्हणते, तहान न्हाई. माझा कोणता धरम आहे, सांगा बरं? तुमचा तरी देवासाठी आहे. माझा नुसता लाजेचा."

धापूबाई बघत राहिल्या. मग त्यांच्या सुकलेल्या ओठांचा कोपरा हलला. "येडी गं येडी," त्या म्हणाल्या. "जगाला शिकवत फिरलीस पाणी प्या, पाणी प्या. अन् स्वतः?"

"मंग काय! तुमचीच चेली."

दोघी हसल्या. हसताना धापूबाईंना ठसका लागला, आणि ठसक्याच्या निमित्ताने पहिला चमचा आत गेला. नंतरचे चमचे त्यांनी मोजले नाहीत आणि उषाबाईंनीही मोजले नाहीत. जुन्या गोष्टी निघाल्या. दीपचंद शेठ दुकानातली मापाची पट्टी गळ्यात अडकवून झोपायचे ती गोष्ट, द्वारकाबाईंनी पुढे धापूबाईंना गावची हुरड्याची कणसं पाठवली ती गोष्ट. चार वाजता पहिला जग संपला. दुसरा केला. पण जिच्यासाठी सगळं चाललं होतं, ती लघवी काही होईना.

सहा वाजून गेले. समोरच्या घराच्या भिंतीवरचं ऊन वर सरकू लागलं. आयुषीने उषाबाईंना बाजूला बोलावलं आणि कुजबुजली, "उषाआजी, पडदे ओढू या का? लाइट लावू, घड्याळ अर्धा तास मागे करू. दादीला कळणार नाही."

उषाबाईंना मोह झाला. कशाला खोटं बोला, अगदी जिभेच्या टोकावर 'हो' आलं होतं. अर्ध्या तासात अजून दोन वाट्या गेल्या असत्या. पण एक्कावन्न वर्षं जपलेली गोष्ट दुसऱ्याच्या हाताने, आणि तीही फसवून मोडायची? उद्या कळलं तर धापूबाई या घरात पुन्हा कोणाच्या हातचं पाणी पितील का? "न्हाई बेटा," त्या म्हणाल्या. "जे व्हायचं ते तिच्या डोळ्यासमोर होऊ दे."

साडेसहाला रजत खालच्या त्यांच्या दुकानातून वर आला. हातात गाडीची किल्ली. त्याने दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आईच्या पायाशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, पण चेहरा शाळेत बोलणी खाल्लेल्या पोरासारखा. "मां, डॉक्टरांचा फोन आला होता. बेड मिळालाय. निघू या आता."

धापूबाई चुळबुळत होत्या. एका पायाने दुसरा पाय घासत होत्या. पायात गोळे आले असतील म्हणून उषाबाई पोटऱ्या चोळू लागल्या, तर त्यांनी पाय ओढून घेतले आणि डोळे मिटले. मग उघडून एकदा रजतकडे बघितलं. पुन्हा मिटले.

उषाबाईंच्या लक्षात आलं. हे आत्ताचं नव्हतं, बराच वेळ चाललं असणार. पण तोंडाने म्हणणार कशी? सुनेला पुन्हा बाराव्यांदा उठवायचं, तेही मुलाच्या देखत! दवाखाना परवडला, नेम मोडला तरी परवडला, पण हे चार शब्द नाही. उषाबाईंना ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण आपण सांगितलं तर उद्या पुन्हा ओठ मिटणार, हे त्यांना कळत होतं. त्या चादरीचं टोक मुठीत धरून गप्प बसल्या. इतकं कठीण काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

रजतने बॅग खांद्याला लावली. "आयुषी, खाली जाऊन गाडीचं दार उघड."

"रुचि," धापूबाई म्हणाल्या.

"जी, मम्मीजी?"

"मला…" त्या थांबल्या. "मला जायचंय. ने मला."

रुचि जागच्या जागी थिजली. सवयीने उषाबाईच पुढे झाल्या, त्यांनी खांद्याखाली हात घातला. धापूबाईंनी तो हात हलकेच बाजूला केला. "तू बस, उषा. माझी बहू आहे ना."

सासू-सुना एकमेकींना धरून सावकाश बाथरूममध्ये गेल्या. दार लागलं. रजत खांद्यावरच्या बॅगेसकट जमिनीकडे बघत उभा राहिला. आयुषी दाराची चौकट धरून. कोणी कोणाकडे बघेना.

मग आतून रुचीचा आवाज आला, रडका आणि हसरा एकदम. "मावशी, झाली! अहो, चांगली झाली!"

"अगं हळू!" धापूबाई आतून खेकसल्या. "खाली दुकानात गिऱ्हाईक बसलंय!"

"ऐकू द्या!" रुचि ओरडली. वीस वर्षं ती सासूपुढे मोठ्याने बोलली नव्हती.

रजतने बॅग खाली ठेवली आणि खिशातून रुमाल काढला. उषाबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांना रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. पोरगं तिकडे संभाजीनगरात आणि आपण इथे दुसऱ्याच्या पलंगावर बसून हे रडतोय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी नाक पुसलं, जग उचलला आणि वाटी भरून ठेवली. दिवस मावळायला अजून वीस मिनिटं होती.